आईचा झोपाळू फोन

माझ्या रागाविषयी आमच्या घरात फार बोललं जातं. धाकटा भाऊ म्हणतो, ताईला सकाळी आधी राग येतो, मग जाग येते. म्हणू दे त्याला. पण आईच्या फोनने गेल्या वर्षी मला जो राग आणला तो कुठल्याही थंड डोक्याच्या माणसाला आला असता. भावालाही आलाच होता. फक्त त्याचा राग इंग्रजीत आणि हळू आवाजात असतो, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही.

आई गारखेड्यात एकटी राहते. दोन खोल्या, वर स्लॅब, पुढे अंगण, अंगणात सिमेंटचा हौद. वडील चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होते. त्यांनी पगारातून थोडं थोडं करत हे घर उभं केलं आणि त्यात फार न राहता गेले. भाऊ पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. मी हर्सूलला राहते आणि नोकरीला शेंद्र्याच्या कारखान्यात जाते. ज्याने हे शहर पाहिलंय त्याला कळेल की हर्सूल, शेंद्रा आणि गारखेडा ही तीन ठिकाणं एकाच बाईच्या वाट्याला येणं म्हणजे काय असतं. अर्धं आयुष्य जालना रोडच्या सिग्नलवर गेलं माझं.

आईला मधुमेह आहे आणि जेवणाआधी ती इन्शुलिन टोचून घेते. टोचलं की लगेच जेवायचं, नाहीतर अंगातली साखर भराभर उतरते. हे तिला पाठ आहे. तरी गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तिने टोचून घेतलं, ताट वाढलं, आणि गल्लीत कुणीतरी ओरडलं की पाणी आलं.

बाहेरच्या माणसाला यात काय विशेष, असं वाटेल. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी येणार म्हणतात, सहा दिवसांनी येतं, कधी आठवडा उलटून जातो. आणि वेळ तर देवालाही माहीत नसते. पहाटे येईल, भर दुपारी येईल. आलं की हातातलं टाकून पळायचं. पंगतीत बसलेल्या बायका पानावरून उठून गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि कुणी त्यांना नावं ठेवलेली नाहीत.

तर आईही ताटावरून उठली. मोटर लावली, पाइप ओढला, हौद भरला, मग टाकी, मग पिंप, मग हंडे. ताट झाकलेलं तसंच राहिलं. शेवटचा हंडा उचलताना तिला घेरी आली आणि ती हौदाच्या कठड्यावर आपटली. शेजारच्या काकू त्यांच्या अंगणात पाइप धरून उभ्या होत्या, त्यांनी पाहिलं. त्यांनी धावत येऊन तिच्या गालाच्या आत साखर चोळली म्हणून ती वाचली. कपाळाला टाके पडले. ती खूण अजून आहे, टिकलीच्या वर, आडवी.

भाऊ रातोरात पुण्याहून आला. दवाखान्याच्या कॉटपाशी उभा राहून म्हणाला, "आई, बास झालं आता. पुण्याला चल."

आई म्हणाली, "नाय."

दोघांचं आठवडाभर चाललं. तो म्हणायचा, पुण्यात लिफ्ट आहे, खाली बाग आहे, मुख्य म्हणजे चोवीस तास पाणी आहे. आई म्हणायची, "ते तुमचं पाणी." यावर तो माझ्याकडे बघायचा आणि मी दुसरीकडे. शेवटी डॉक्टरांनी मधला मार्ग सुचवला. दंडाला एक चकती चिकटवायची, मोठ्या नाण्याएवढी. ती अंगातली साखर सतत मोजते आणि आईच्या फोनला सांगते. आईचा फोन ते वाय-फायवरून माझ्या आणि भावाच्या फोनवर पाठवतो. आमच्या फोनवर एक रेषा चालत राहते. रेषा फार खाली गेली की तिन्ही फोन बोंबलायला लागतात.

भावाने नवा, भारी फोन घेतला. घरात वाय-फाय बसवलं, कारण त्या गल्लीत मोबाइलची रेंज अंगणापर्यंत येते, घरात येत नाही. आईच्या दंडाला चकती चिकटवली आणि जाताना त्याने आपली अट सांगितली. रेषा चालू आहे तोवर तू इथे. रेषेचा भरवसा राहिला नाही की मी गाडी घेऊन येणार, आणि मग नाय-बिय ऐकणार नाही.

"चालंल," आई म्हणाली. मी साक्षीदार होते. म्हणजे आईचं घर आता त्या फोनच्या भरवशावर उभं होतं.

आणि तो फोन झोपायला लागला.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मी शेंद्र्याला टेबलावर फोन उभा ठेवायची आणि काम करता करता आईची रेषा बघायची. ती जेवली की रेषा वर, फिरून आली की खाली. मग एका दुपारी रेषा मध्येच तुटली. पुढे कोरी जागा. मी फोन लावला तर लागेना. तासाभराने रेषा आपोआप परत आली. आईला विचारलं तर म्हणाली, "मी काय बी केलं नाय. ठिवला व्हता की फोन."

दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग रोज. हातात असला की फोन शहाण्यासारखा चालायचा. ठेवून दिला, पडदा काळा झाला, की थोड्या वेळाने वाय-फाय सोडून द्यायचा. आई दुपारी आडवी व्हायची आणि तिच्याबरोबर तोही. मला हसू आलं नाही. ती झोपलेली असताना त्याने जागं राहावं, एवढ्यासाठीच तर तो घेतला होता.

मग सुरू झाली दुरुस्ती. दर रविवारी मी गारखेड्यात आईच्या पलंगावर बसायची, एका हातात तिचा फोन, समोर माझ्या फोनवर व्हिडिओ कॉलवर भाऊ. तो सांगायचा, मी दाबायची.

"ताई, सेटिंग्जमध्ये जा. बॅटरी. आता तीन टिंबं."

"नाहीत टिंबं."

"असतील. वर बघ."

"मला डोळे आहेत. नाहीत."

टिंबं खालच्या बाजूला निघाली. पण ती वर नव्हती, आणि तो वर म्हणाला होता. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ताई, तू चिडू नकोस. मला चिडू नकोस म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, हे तो लहानपणापासून ओळखून आहे आणि तरी म्हणतो.

त्या टिंबांच्या मागे त्या फोनचे सगळे गुण सापडले. बॅटरी वाचवायची म्हणून तो स्वतःच ठरवत होता की कुठलं अ‍ॅप जागं ठेवायचं आणि कुठलं झोपवायचं. आईच्या साखरेचं अ‍ॅप त्याने झोपणाऱ्यांच्या यादीत टाकलं होतं. का, तर आई ते उघडून बघत नाही. ज्याने फोन बनवला त्या शहाण्याला वाटलं असेल, बघत नाही म्हणजे नको असेल. आम्ही ते त्या यादीतून काढलं. बॅटरी वाचवण्याचं बटण बंद केलं. वाय-फाय विसरायला लावून परत ओळख करून दिली. राउटर बंद करून चालू केला, मग जागा बदलून कपाटावर चढवला.

फरक पडला. रोजचं तुटणं थांबलं. आई झोपली तरी रेषा चालू राहायला लागली. माझा जीव भांड्यात पडला, तो चार-पाच दिवसांसाठी. मग रेषेत पुन्हा एक मोठा कोरा खड्डा, चांगला दीड तासाचा. नंतर सगळं ठीक. पुन्हा काही दिवसांनी खड्डा. रोज बिघडणाऱ्या वस्तूशी माणूस कसंही जुळवून घेतो. ही कधी सकाळी बिघडायची, कधी संध्याकाळी, मध्ये आठवडाभर सोन्यासारखी चालायची. तिचा काही नेमच लागत नव्हता.

मी इंटरनेटवाल्यांना फोन केला. अमुक हवं तर एक दाबा, तमुक हवं तर दोन दाबा, असं करत करत एक मुलगी आली. तिने शहर विचारलं. मी नवं नाव सांगितलं तर तिच्या यादीत जुनं होतं. जुनं सांगितलं तर म्हणाली, मॅडम, या नावाने आता तक्रार घेता येत नाही. मी म्हटलं, बाई, तुला जे नाव आवडतं ते टाक, पण माणूस पाठव. माणूस आला. राउटरच्या दिव्यांकडे बघून म्हणाला, "लाइन तो फुल है मॅडम. मोबाइल का प्रॉब्लेम है." मी फोनच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने फोन उलटापालटा करून म्हटलं, "सेट एकदम ओके है. नेटवाले को बोलो." मी म्हटलं, त्याने तुमच्याकडे पाठवलंय. तो म्हणाला, "मोबाइल स्लीप में जाता है मॅडम, नॉर्मल है." त्याच्या काउंटरवर मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाहेर पडताना मागून कुणीतरी हसलं, तेही मी ऐकलं.

दरम्यान भावाने त्याच्या ऑफिसात बसून खड्ड्यांचा अभ्यास मांडला. त्याला वारांत काही सापडेना, वेळांत काही सापडेना. फोनने मध्येच नवा अपडेट घेतला होता, त्यावर त्याने काही दिवस खापर फोडलं. मग राउटरचं सॉफ्टवेअर बदललं. मग एक दिवस मला म्हणाला, "ताई, हे सोडवता येत नाहीये. मी नाही अशा गोष्टीवर आईला सोडू शकत. अजून एकदा रेषा गेली की मी येतोय."

"तुला नाही सोडवता आलं त्याची शिक्षा आईला?" मी म्हटलं.

"ती परत पडली तर?"

मी फोन आपटला. त्याचं बरोबर होतं आणि ते मला सहन होत नव्हतं. आईला मी अटीची आठवण करून दिली. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मी त्या फोनला फुलासारखं जपतेय. अजून काय करू?"

या सगळ्यात आईला शंभर वेळा विचारून झालं होतं की, रेषा गेली तेव्हा फोनचं काय केलं होतंस. ती दर वेळी एकच सांगायची, ठिवला व्हता. भाऊ लिहून घ्यायचा, फोन वापरात नव्हता, पडदा बंद. आम्ही दोघं शिकलेले. कुठे ठेवला होता, हे दोघांनीही कधी विचारलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात शेंद्र्याला आमच्याकडे बाहेरची तपासणी होती. पाहुण्यांना घेऊन मी कारखान्यात यंत्रांमधून फिरत होते. दुपारच्या जेवणाआधी सहज फोन बघितला. आईची रेषा खाली उतरत होती. अजून धोक्याच्या वर होती, पण उतरत होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती तुटली.

मी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. तेच. शेजारच्या काकूंना लावला, त्यांनी उचलला नाही. पलीकडच्या घरी लावला, तिथेही कुणी उचलेना. एका गल्लीतल्या तीन घरांतून कुणीच फोन उचलत नाही म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. या शहरात जन्म गेलाय माझा. पण घाबरलं की डोकं चालत नाही. मी पाहुण्यांना सोडून, साहेबांना धड न सांगता, गाडी काढली.

शेंद्रा ते गारखेडा. चिकलठाण्याला ट्रक आडवा, मुकुंदवाडीला सिग्नल, पुढे कुणाची तरी मिरवणूक निघायची तयारी. मी त्या सगळ्यांवर ओरडले, काच बंद करून. फोन बनवणाऱ्यावर ओरडले, नेटवाल्यावर, दुकानदारावर, पुण्यावर. भावाचा फोन येत होता, मी उचलला नाही. तो काय म्हणणार ते मला ठाऊक होतं, आणि आईला काही झालेलं असलं तर ते तो मला जन्मभर म्हणणार होता.

गल्लीच्या तोंडाशीच गाडीची चाकं पाण्यातून गेली. सगळ्या दारांत पाइप लोळत होते, मोटरी घरघरत होत्या. काकू त्यांच्या टाकीवर चढलेल्या. पाणी आलं होतं.

आई अंगणात हौदाच्या कठड्यावर बसलेली होती. पाइप हातात, त्याचं तोंड हौदात. पदर खोचलेला, चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मला बघून तिने हसायचा प्रयत्न केला आणि काहीतरी बोलली, ते नीट शब्द नव्हते. मी आत पळाले. ओट्यावर ताट झाकलेलं होतं. मी साखर पाण्यात कालवली आणि तिच्या तोंडाला पेला लावला. तिने तो सावकाश, सगळा प्यायला. मी दुसरा केला. पाइप तिच्या हातातून काढून घ्यायला लागले तर तिने सोडला नाही.

हळूहळू तिच्या डोळ्यांत ओळख आली. मग मात्र माझा तोल गेला.

"फोन कुठाय?" मी ओरडले.

"हाय आत. ठिवलाय."

"कुठे ठेवलाय?"

"डब्यात."

मला वाटलं, साखर अजून चढली नाही, बरळते आहे. तिने हाताने दाखवलं. फडताळात पोळ्यांचा स्टीलचा डबा होता, घट्ट झाकणाचा, ज्यात पूर्वी आमच्या चौघांच्या पोळ्या मावत. मी झाकण ओढलं. आत एक जुना टॉवेल घडी करून घातलेला आणि त्यावर फोन, बाळासारखा निजवलेला. मी तो बाहेर काढला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्याला चकती सापडली, वाय-फाय सापडलं, आणि तो माझ्या हातात बोंबलायला लागला. माझ्या पर्समधला फोनही बोंबलायला लागला. स्टीलच्या डब्यात कोंडलेला होता बिचारा, आतून त्याला ना आई ऐकू येत होती ना आम्ही. आणि आम्ही इतके महिने त्याच्या झोपेवर औषध शोधत होतो.

"डब्यात कशाला ठेवतेस तू त्याला?"

"पाण्याच्या दिवशी ठिवते. समदं भिजतंय इथं. बारक्यानंच सांगितलं व्हतं, आई, लई भारी फोन हाय, पाण्यापासून जप. व्हय का नाय?"

तेवढ्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला. मी उचलला आणि त्याला एक शब्द बोलू दिला नाही. आधी उघडा डबा दाखवला, मग टॉवेल, मग आई. म्हटलं, हा बघ तुझा न सुटणारा प्रश्न. पाणी येतं त्या दिवशी फोन डब्यात जातो. कारण साहेबांनी जाताना सांगितलं होतं, पाण्यापासून जप.

खड्ड्यांचे वार आणि वेळा त्याच्या डोक्यात आता भराभर जागेवर बसत असणार. कधी चार दिवसांनी, कधी सहा, कधी सकाळी, कधी दुपारी. तो नेम पुण्यात बसून कुणालाच सापडला नसता, पण मला सापडायला हवा होता. मग तो म्हणाला, आणि या वेळी हळू आवाजात नाही, "ते ठीक आहे. पण आई, टोचून घेतल्यावर जेवून मग पाणी भरता येत नाही का? दहा मिनिटांनी काय फरक पडतो? परत तेच केलंस. पडली असतीस. मी शनिवारी येतोय, सामान बांध."

मीसुद्धा म्हटलं, "दहा मिनिटं, आई. फक्त दहा मिनिटं."

आईने पाइप हौदातून काढून पिंपात सोडला. ती आमच्याकडे न बघता बोलायला लागली.

"माझी आई गावात घागर घेऊन विहिरीवर जायची. विहिरीला हात लावायचा नाय आपण. घागर खाली ठिवायची आन लांब उभं ऱ्हायचं. कुनी आलं, त्याच्या मनात आलं, तर वरून वतायचं. मी तिच्या पदराला धरून असायचे. कवा कवा ऊन डोक्यावर यायचं. एकदा तिला भूक लागली म्हनून ती जरा सावलीत बसली भाकर खायला. तेवढ्यात वतनारी बाई येऊन गेली. त्या दिशी आमी तसंच घरी आलो, रिकामी घागर घेऊन."

गल्लीतल्या मोटरी चालू होत्या. पिंप भरत आलं होतं.

"इथं माझ्या दारात नळ हाय, माझ्या नावाचा. त्याला पाणी आल्यावर मी ताटावर बसू? मला बसवत नाय. तुमी मला अडाणी म्हना."

आमच्या घरात हा इतिहास आम्ही ऐकलेला होता. जयंतीच्या भाषणांत ऐकला होता, पुस्तकांत वाचला होता, मी स्वतः शाळेत त्यावर बोलून बक्षीस आणलं होतं. पण तशा विहिरीपाशी माझी आजी उभी होती, रिकामी घागर घेऊन, हे आईने आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, तेही आम्ही तिला दहा मिनिटांचा हिशेब विचारला म्हणून.

माझा राग कुठे गेला नाही. मी खोटं कशाला लिहू. फक्त तो फोनवरून उठला, भावावरून उठला, आईवरूनही उठला, आणि त्याला बसायला जागा मिळेना. माझ्या आजीने उन्हात वाट बघितली, कुणीतरी ओतेल म्हणून. तिची मुलगी स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या नळाशी वाट बघते, कुणीतरी सोडेल म्हणून. दिवस सांगत नाहीत, वेळ सांगत नाहीत, आणि आलं की ताटावरून उठायचंच. मला कळेना की एवढ्या वर्षांत नक्की काय बदललं. मी पायाने रिकामी बादली लाथाडली. आई म्हणाली, "बादलीनं काय केलंय?"

फोनमधून भावाचा आवाज आला. "ताई, घरात प्लास्टिकचा डबा आहे का?"

"काय?"

"प्लास्टिकमधून रेंज जाते. झाकणाचा डबा बघ. पाणी आलं की फोन त्यात टाकून हौदापाशीच ठेवायचा, आईच्या जवळ. अलार्म तिला ऐकू येईल. आणि डब्यात गुळाचा खडा ठेव."

आईच्या घरात प्लास्टिकचा डबा नव्हता. तिला ते आवडत नाही, वास लागतो म्हणते. मी काकूंकडून आइस्क्रीमचा रिकामा डबा मागून आणला. फोन त्यात बरोबर मावला. आईने तो डबा उलटासुलटा करून बघितला, झाकण दोनदा लावून काढलं, आणि जुना टॉवेल पोळ्यांच्या डब्यातून काढून त्यात घातला. शनिवारी येण्याबद्दल भाऊ पुढे काही बोलला नाही, आणि आम्हीही त्याला विचारलं नाही.

पुढचं पाणी आठव्या दिवशी आलं, बरोबर दुपारच्या जेवणाच्या सुमाराला. मी मीटिंगमध्ये होते. साहेब आधीच्या पळण्यावरून अजून फुगलेले होते. रेषा उतरायला लागली, उतरत राहिली, पण तुटली नाही. मग माझा फोन बोंबलला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तिथेच, खुर्चीतून उठून, आईला फोन लावला. आज पहिल्याच घंटीला उचलला गेला. मी बोलण्यासाठी श्वास घेतला, तोच ती म्हणाली, "गूळ तोंडात हाय. वरडू नको. तुझ्या आवाजानंच चढंल माझी साखर."

मी ओरडणारच होते. वाक्य तयार होतं. त्यात ताट होतं, टाके होते, पुणे होतं.

"पाणी लई जोरात हाय आज," ती म्हणाली. "ऐक."

तिने फोन नळापाशी धरला असावा. साहेब काहीतरी विचारत होते. मी हाताने त्यांना थांबवलं आणि ऐकत उभी राहिले.